स्वर्गीय रूपसिंगचे रूळ

— नाई नाई, उठू नका, बाकडं लांब हाये, बसा. पाहून आले न आतून? म्या पाह्यलं तुमाले निंगतानी, धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत होते — पुसा, सगळेच पुसतात, त्या तंबूतून कोनी कोरडा येत नाई. गाडी चांगली हाये? हाव, चांगली हाये, मी कुठी म्हनतो वाईट हाये. तो बोगदा, तो पूल, ठेसनावर इटुकले इटुकले लाईट, ते सगळं नवीन हाये, औंदाच बनवलं. पन रूळ पाह्यले का तुमी? कोनी नाई पाहत. लोकं इंजन पाहतात. रूळ जुने हायेत भाऊ, इंग्रजाच्या राज्यातले, पत्र्याचे — एकाच्या टोकाचा खिळा दुसऱ्याच्या पोकळीत बसते. अन् पूल उतरली का गाडी जराशी अडखळते, आयकलं? टक्क. तो तुकडा वाकडा हाये, बैलाचा पाय पडलता त्याच्यावर. तो त्यानं नेमका पुलाच्या पलीकडे लावला, म्हंजे अडखळली तरी पाहनाऱ्याले वाटते पुलावरून उतरून राह्यली. हुशार हाये. म्या नोतं शिकवलं हे. मी तो तुकडा ठेसनात लावो, गाडी तशीबी थांबतेच तिथी.

मले कसं माहीत? आता काय सांगू. तंबूवरची पाटी वाचली तुमी? ‘स्वर्गीय रूपसिंग यांची रेल्वे.’ तो रूपसिंग मीच. सरकू नका बाप्पा, भूतबीत नाई — हा पाहा हात, धरून पाहा, गरम हाये. आत जो बोलते, चाबी देते, तो पूनमसिंग, माहा धाकटा भाऊ. सख्खा. तो रांगत होता तवा माय गेली आमची, माह्याच हातचं खाऊन मोठा झाला तो.

आमचा बाप लदेनीवाला. बैलाईवर मीठ लादून, धान्य लादून मुलखोमुलूख फिरनारा मानूस. मंग यवतमाळले ते बारकी रेल्वे आली अन् धंदा बसला. बैल इकले. पोटासाठी बाप त्याच रेल्वेच्या एका साहेबाकडं बंगल्यावर राह्यला, अन् तो साहेब इलायतेले जातानी आपल्या पोराईच्या खेळन्याची पेटी बापाले देऊन गेला. तांड्यातले लोकं हासले — जिनं तुह्ये बैल खाल्ले, तिचंच पिल्लू घरी आनलं म्हने.  बापानं आंगन सारवून घेतलं अन् रूळ मांडले. माह्या हाती आलं तवा मी जत्रेजत्रेले नेलं — बंडीत पेटी टाकाची, जागा पाह्याची, माती भिजवाची, शेनानं सारवाची अन् त्याच्यावर रूळ. फळी कायची अन् खिळे कायचे. दरवर्षी नवं गाव व्हये आमचं, रूळ तेच. अन् रुळाच्या बाजूनं मातीचे बैल ठेवो मी, पाठीवर गोन्या लादलेले, सगळ्याईच्या पुढं गराशा — गराशा म्हंजे लदेनीचा पुढचा बैल, त्याच्या मांगं सगळे. बैल दिसले का तुमाले आत? नाई न. नाई ठेवले त्यानं.

होळीले तांड्यावर आलता तो. म्हने भिया — आमच्यात मोठ्या भावाले भिया म्हनतात — रुळाले जंग चढला, यवतमाळले एक कारागीर हाये, घासून, रंग देऊन आनतो. म्हनलं ने. मले काय ठावं. पावसाळा गेला, पोळा गेला, दिवाळी गेली — मी आपला म्हनतो, जुना माल हाये, टाइम लागत असन. बायको म्हने, भावानं फसवलं तुमाले. तिच्यावरच खेकसलो मी.

मंग सुखी आली. सुखी माही बहीन, केळापूरले देल्ली. अन् आता पाहा, आमच्या बायाईत एक रीत हाये — माहेरचं मानूस लय दिसानं भेटलं का गळ्यात पडतात अन् सूर लावून रडतात. भेटीचं रडनं असते ते, पन नवख्याले वाटते कोनी मेलं. तं सुखी तांड्याच्या तोंडाशी आली अन् तिथूनच तिनं सूर धरला. बाया धावल्या. त्यायले वाटलं, लय दिसानं माहेरी आली, भेटीचं रडते. त्यायनंबी सूर लावला. अन् सुखीले वाटलं, ह्या माह्या भावासाठी रडून राह्यल्या — म्हंजे जत्रेत आयकलं ते खरं, मेलाच तो. मी घरातून निंगालो. बहीन आली म्हनून खूश. मांगं जाऊन उभा राह्यलो, बायाईचं होऊ द्या लागते पह्यले. माह्याच मरनाचं रडनं मी उभा राहून आयकलं भाऊ, अन् मनात म्हनतो, सुखीचा गळा अजूनबी चांगला हाये.

हासा, हासा. तांडाबी हासला. तिनं डोकं वर केलं, मले पाह्यलं, अन् मंग दोन्ही हातानं हे हानलं मले, हे हानलं — कुठी होता मेल्या, कुठी होता. तिच्याच तोंडून समजलं सगळं. वनीच्या जत्रेत तंबू हाये, तंबूत आपली गाडी हाये, अन् पूनम सांगते का भिया तापानं गेले.

तरी म्या समजून घेतलं. तंबूवाल्या शेठानं इचारलं असन, माल कोनाचा? हा म्हनला असन, भावाचा. भाऊ कुठी हाये? वारला. निंगते तोंडातून एखादं खोटं, मंग वापस कसं घ्याव. म्हनलं आपल्या डोळ्यानं पाहू, मंग बोलू. काल गेलो आत. मांगच्या सतरंजीवर बसलो, फेटा पुढं ओढून. अन् काय बोलते तो! — माह्या भियाचे जुने रूळ म्या नव्या गावात मांडले, त्यायची गाडी थांबू देल्ली नाई. गळा भरून येते त्याचा. खोटा नाई भरत, मी वळखतो. बाजूची बाई रडली, म्याबी रडलो. आपन मेल्याचं वाईट वाटतेच न.

अन् मंग — जाऊ द्या, हे सांगाचं नोतं. चाबी द्याले वाकला तो, वर पाह्यलं, अन् नजरेले नजर भिडली. म्या फेटा सारला मांगं, पुरं तोंड दिसू देल्लं त्याले. म्हनलं आता चाबी टाकन हातातली. आता येईन. नाई. चाबी देत राह्यला. मंग गाडी सोडली अन् म्हनला, देव त्यायच्या आत्म्याले शांती देवो. माह्याकडं पाहून म्हनला. रूळ नेले, नाव नेलं, ते मी गिळलं असतं. पन मी समोर बसलो असतानी मले मेलेलाच ठेवला त्यानं. तिथी काळीज फाटलं माहं.

आत जाऊ? बोंब मारू? नाई बाप्पा. लोकं त्याले तुडवतीन अन् रुळाचा चेंदा होईन. मले फकत एवढंच पाह्यजे, त्यानं बाहेर याव. एकदा भिया म्हनाव. मंग ठेव म्हनीन रूळ, पाटीबी ठेव. सकाळपासून त्याच्याचसाठी बसलो इथी. येईन तो. रात गेली न मधात, इचार केला असन त्यानं. येईन.

हं, सुरू झाला खेळ. भोंगा आत्ताच लावला वाटते, इथीबी सगळं आयकू येते. आता साहेबाचं सांगते — आता बापाचं — आता माहं. तापाचं —

थांबा. हे काय म्हनला? तुमी होते तवा म्हनला का हे? काल नोतं. सुखीनंबी नाई सांगलं. ‘मरतानी भियानं माहा हात धरला, म्हनले, पूनम, हे सगळं म्या तुले राजीखुशीनं देल्लं.’ काल नोतं हे. मले पाह्यल्यावर — मले पाहून जोडलं त्यानं.

नाई, पानी नको. सोडा, हात सोडा माहा. जा तुमी, तुमची मोटर निंगन. जा म्हनलं न.