डाव्या कोपऱ्यातला डाग

जमलेल्या मंडळींनो, मला बोलायची सवय नाही. मी सुधाकर. मूळचा रत्नागिरीचा, पण पास्कलभाऊंच्या फोटो स्टुडिओत बावीस वर्षं रिटचिंग करतोय. लोकांचे डाग, सुरकुत्या पुसतो. आज भाऊंच्या शोकसभेत बोलायला उभा राहिलोय, तो रागानं.

आत्तापर्यंत चौघं बोलले. भाऊ देवमाणूस. भाऊ आपल्या पाली गावाची शान. ऐकलं सगळं. पण त्या मुलांबद्दल कुणी एक शब्द काढला?

मग मीच काढतो. अफगाणिस्तानातून जीव वाचवून आलेली सहा मुलं, घरच्यांबरोबर मिरा रोडला भाड्यानं राहतात. त्यातली मोठी झरमीना, सतरा वर्षांची. पासपोर्ट फोटोला आली आणि कॅमेऱ्याकडेच बघत राहिली. भाऊ म्हणाले, "सीखना है?" झालं. दर रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपली की फोटोग्राफीचा वर्ग. भाऊंचं एकच सांगणं, घरात जे दिसतं तेच काढा. तिनं काय काढलं? मांदेली साफ करणारी आई. जन्मात समुद्र न पाहिलेली बाई, बोटाएवढी एकेक मांदेली मोठ्या माशासारखी सुरीनं पोट चिरून साफ करत दुपारपर्यंत बसलेली. भाऊ पोट धरून हसले. मग चष्मा काढून डोळे पुसले.

गेल्या महिन्यात भाऊंनी ते सगळे फोटो किनाऱ्यावर लावले. बोंबील वाळवायच्या दोऱ्यांवर, कपड्यांच्या चिमट्यांनी. तासाभरात तुम्ही आलात. "ही आपली माणसं न्हाय. कोन हाय, कुठली हाय, काय म्हाईत?" भाऊ एवढंच म्हणाले, "आपले बाप होडीसकट वाऱ्यात भरकटून गुजरातला लागले, तवा त्यांना भाकर कोनी दिली?" तरीही तुम्ही फोटो ओढले, वाळूत टाकले. ओढणारे तिघं आज पहिल्या रांगेत बसलेत. नावं घेत नाही, समोर भाऊंच्या मागे राहिलेल्या वहिनी आहेत.

आणि मी काय केलं? चहाचा ग्लास धरून उभा राहिलो. शेवटचा फोटो पडेपर्यंत. मला स्वतःची लाज वाटते.

तुम्ही भाऊंना मारलंत असं मी म्हणत नाही. हृदय आधीच कमजोर होतं. पण त्या दिवसानंतर त्यांनी स्टुडिओचं शटर कधी पूर्ण वर केलं नाही.

परवा तुम्हीच स्टुडिओत आलात. हार घालायला फोटो पाहिजे. गावाचे फोटो काढणाऱ्या माणसाचा स्वतःचा फोटोच नव्हता. एकच निघाला. हा. किती जिवंत आलाय, असं मघाशी तुम्हीच म्हणालात. "हनुवटी खाली, हनुवटी खाली," असं जन्मभर सांगणारे भाऊ इथं मान वर करून हसतायत. कुणाकडे बघून? झरमीनाकडे. फोटो तिनं काढलाय. त्या दिवशी सगळे गेल्यावर मी वाळूतून उचलला, आता स्कॅन करून मोठा केला. हार जरा उजवीकडे सारा. डाव्या कोपऱ्यात चपलेचा ठसा दिसेल. दोन मिनिटांत पुसला असता, तेच माझं काम. मुद्दाम ठेवलाय.

झरमीना बाहेर गेटपाशी उभी आहे, मेणबत्ती घेऊन. आत फक्त आपली माणसं, असं तिला सांगितलंय कुणीतरी.

वहिनी, बोलवू तिला?

वहिनींनी मानेनं हो म्हटलं. सगळ्यांनी बघितलं ना?

मग उठा. गेटपासून भाऊंच्या फोटोपर्यंत ती चालत येईल, तेवढा वेळ आपण उभे राहू. कुणी बोलायचं नाही. गप्प राहायला आपल्याला येतं.