सीट किती मागे होती, त्याबाबत

माझे नाव व पत्ता वरच्या रकान्यात घेतले आहेत. वय चौऱ्याहत्तर. धंदा सध्या काही नाही. पूर्वी मोटारींच्या धडक-चाचणी केंद्रात सीटबेल्ट विभागाचा प्रमुख. या ठाण्यात कोणी न बोलावता, स्वतः हजर होऊन सांगतो तो मजकूर असा:

मला एकच गोष्ट सिद्ध करायची आहे. माझ्या पत्नीचा मृत्यू माझ्या जावयाच्या गाडी चालवण्याने झालेला नाही. माझ्या मुलीने आपल्याच नवऱ्याविरुद्ध हयगयीची फिर्याद दिली, ती दुःखाच्या भरात दिली. पण तेवढ्याने ती खोटी ठरत नाही, म्हणून कारणे देतो.

या महिन्याच्या चार तारखेला दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी आम्ही हाडांच्या दवाखान्यातून निघालो. गाडी जावई चालवत होता, शेजारी पत्नी, मागे मी. पत्नीची कंबर धरली होती. गेल्या अकरा रात्री तिला झोप नव्हती. बसताच तिने सीटची पाठ जवळजवळ आडवी होईपर्यंत मागे पाडली व पट्टा लावला. मी जावयाच्या मागे सरकून बसलो.

तीन चाळीसला एका गोदामाच्या फाटकातून पाण्याचा टँकर उलटा रस्त्यावर आला. जावयाने ब्रेक मारला. टायरच्या खुणा पंचनाम्यात आहेत. त्याआधी वेग पन्नासच्या आत होता. काट्याकडे पाहण्याची मला जुनी सवय आहे. धडक सरळ समोरून बसली. दोन्ही एअरबॅग उघडल्या. जावई स्वतःच्या पायांनी बाहेर आला. पत्नी सहा तारखेला दुपारी गेली.

आता दोघांचे वैद्यकीय कागद शेजारी ठेवून पाहावेत. जावयाच्या खांद्यावर व कमरेच्या हाडावर पट्ट्याचा वळ आहे. पत्नीच्या खांद्यावर वळ नाही. तो पोटावर आहे, हाडापासून चार बोटे वर. गाडी एक, धडक एक, वेग एक. फरक फक्त सीटच्या पाठीचा. माणूस सरळ बसला असेल तर पट्टा हाडाला धरतो. आडवा असेल तर खांद्याचा पट्टा अंगापासून सुटा राहतो, शरीर खालून पुढे घसरते आणि कमरेचा पट्टा पोटात रुततो. तिला आतून रक्तस्राव झाला तो यामुळे.

हवालदारांनी येथे विचारले, "काका, सीट पाडून तर सगळेच झोपतात. आमच्या जीपमध्ये साहेबसुद्धा घोरतात. यात नवीन काय?" उत्तर: काही नाही. आमच्या केंद्रातही चाचणीच्या गाडीत माणसाऐवजी ठेवायचे पुतळे कायम सरळच बसवत. आडव्या पुतळ्याची चाचणी नियमात नव्हती. ती मी माझ्या जबाबदारीवर एकदा घेतली. पुतळा पट्ट्याखालून निसटला. तो अहवाल मी लिहिला असून आजही तोंडपाठ आहे.

जावयाने त्याच्या जबाबात "सीटबद्दल काही आठवत नाही" असे सांगितले आहे. त्याला आठवते. तो मला पाठीशी घालतो आहे. घडले ते असे: दवाखान्याच्या फाटकाशी गाडी थांबवून तो मागे वळला व म्हणाला, "बाबा, आईंची सीट एवढी पाडलेली चालेल ना? तुम्ही यातले मास्तर."

पत्नी डोळे मिटूनच म्हणाली, "त्यांना कशाला विचारतोस? ते मला ताठ बसवून वर मोजपट्टी लावतील. चल तू."

जावई हसला, पण गाडी पुढे घेतली नाही. माझ्याकडे पाहत राहिला. मी म्हणालो, "चालेल. हळू घे."

त्याने हळूच घेतली.

त्या वीस मिनिटांपैकी निदान पंधरा मिनिटे तिला गाढ झोप लागली होती. याचा गुन्ह्याशी संबंध नाही असे हवालदारांचे म्हणणे आहे; तरी लिहून घ्यावे.

मुलगी बाहेर बाकावर बसली आहे. आठ दिवसांत ती नवऱ्याशी एक शब्द बोललेली नाही. हे तिला तोंडी सांगायला मी दोनदा तिच्या घरी गेलो आणि दोनदा चहा पिऊन परत आलो. म्हणून हा कागद आधी तिला वाचायला द्यावा, ही विनंती.

जबाब मला मोठ्याने वाचून दाखवण्यात आला. माझ्या "चालेल. हळू घे" या शब्दांनंतर हवालदारांनी आपल्या मनाने "सीट मागे चालेल असे मला वाटले" हे वाक्य घातले होते. त्यांचा हेतू चांगला होता. ते मी खोडायला लावले. मला तसे वाटले नव्हते. चालणार नाही हे मला माहीत होते, आणि तिला उठवायला नको म्हणून मी चालेल म्हणालो. चूक ही एवढीच व माझी एकट्याची आहे. बाकी मजकूर मी सांगितला तसाच उतरला आहे.

सही