सीडी अटकली तेव्हा

आमच्या सुनंदाचं लग्न कसं मोडलं ते सांगते, ऐका. सुनंदा म्हणजे माझी नणंद. रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं, तेव्हाची गोष्ट. अभनपूरच्या एका पोट्ट्याशी तिचं लग्न ठरवलं होतं. रविवारी साखरपुडा, आणि घरात कोणी तिले विचारलंच नव्हतं.

शुक्रवारी मी तिले रायपुरातल्याच तेलीबांध्याच्या एका हॉलमध्ये फ्रेंच सिनेमा पाहायले नेलं. जुन्या गाजलेल्या कथेवरचा, घेरदार झगे, घोडागाड्या. बाप पोरीले म्हाताऱ्या जमीनदाराच्या घरी देऊन राहिला होता. दारात गाडी उभी, पोरीनं पायरीवर पाय ठेवला आणि सीडी अटकली. पोरगी तशीच एका पायावर उभी. मशीनवाल्यानं सीडी पुसून पाहिली, तरी चालेना.

सुनंदा उठून मशीनवाल्याकडे गेली. “भैया, आगे वो बैठी क्या गाड़ी में?”

“पता नहीं दीदी, मैंने भी नहीं देखी.”

झालं! रिक्षात तेच, जेवताना तेच. “वहिनी, बसली असंल का वं ती?” पोळ्या लाटता लाटता उठे, गच्चीवर जाई, परत येई.

शनिवारी सकाळी मामंजी पेपर वाचत होते. ही समोर जाऊन उभी राहिली. “बाबा, मले हे लग्न नाही करायचं.”

मामंजींनी पेपर खाली ठेवला.

“मग आधी काहून नाही सांगितलं?” ते म्हणाले. “मले तं तो पोट्टा पहिल्या दिवसापासून आवडला नाही. तू गप्प होती, मले वाटलं तुले पसंत आहे.”