सासऱ्यांचा कळस आणि डोमची परांची

चहा घ्या, तोवर आमचे सासरे इथे जर्मनीत, कोलोनला आले होते तेव्हाचं सांगते. बाबा गावच्या देवळाच्या जीर्णोद्धार समितीचे अध्यक्ष. काम इतकं रखडलेलं की लोक तोंडावर म्हणायचे, "आधी अध्यक्ष वर जातील, मग कळस चढेल."

मी त्यांना इथलं मोठं कॅथीड्रल, म्हणजे डोम, दाखवायला नेलं. बाबांना आधी परांचीच दिसली.

"यांचंही चालूच आहे का गं?"

मी तिथल्या गाईड आजींना विचारलं. त्या "आल्झो", म्हणजे आपलं "तर", म्हणत सुरू झाल्या, "शेकडो वर्षं चालू आहे. कामाचे कितीतरी प्रमुख पूर्ण झालेलं न बघताच गेले. आम्ही तर म्हणतो, हे संपेल त्या दिवशी जगबुडी होईल."

मी मराठीत सांगितलं. बाबांनी तिथूनच समितीच्या सेक्रेटरींना फोन लावला.

"अण्णा, कंत्राटदाराला म्हणावं सावकाश होऊ दे. जगाचा प्रश्न आहे."

गेल्या महिन्यात कळस चढला. बाबा नव्हते बघायला. मोबाइलवर व्हिडिओ बघतच मी डोमशेजारच्या स्टेशनाबाहेर आले आणि नकळत वर पाहिलं. डोमची परांची होती जागेवर. मनात म्हटलं, बाबा, काळजी नको. यांचं अजून चालू आहे.