सागपाड्याच्या शाळेपुढचा दगड

जबाब देणार: धनसिंग खेमा पावरा, वय ५२ वर्षे, धंदा शेती, राहणार सागपाडा, तालुका चोपडा, जिल्हा जळगाव.

मी समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगतो की, मी वरील ठिकाणी पत्नी कमलबाई, मुलगा, सून व नात यांच्यासह राहतो. आमची बोली पावरी आहे. मला मराठी समजते, बोलता येते व वाचताही येते. आमचा पाडा वडखेडी ग्रामपंचायतीत मोडतो. माझा धाकटा भाऊ रुपचंद शेजारच्याच घरात राहतो. तो केळी कापणीच्या टोळीबरोबर जातो, त्यामुळे बहुतेक दिवस बाहेर असतो. मंजुळाबाई ही त्याची बायको, म्हणजे माझी भावजय. वडखेडीचे दीपक पुना पाटील यांनी गाडीची काच फोडल्याची व ड्रायव्हरला जखमी केल्याची जी तक्रार दिली आहे, तीत तिचे नाव आहे. मी त्या वेळी हजर होतो म्हणून मला बोलावले आहे.

दीपकभाऊंच्या वडिलांना आम्ही पुनाआबा म्हणतो. त्यांचा व माझा संबंध जुना आहे. पाड्यावरचे कोणतेही काम त्यांच्याकडे माझ्यामार्फतच जात असे. दाखला, रेशनकार्ड, वनपट्ट्याचा अर्ज, दवाखान्यात न्यायला गाडी. कोणाला काही लागले तर तो आधी माझ्या अंगणात येत असे. मतदान जवळ आले की लोक मला विचारत व मी निशाणी सांगत असे. सगळी मते तिथेच पडत. दुसरे कोणी सांगत नसे आणि कोणी दुसऱ्याला विचारतही नसे.

आमच्या पाड्यावर पहिली ते चौथीची शाळा आहे. मुले थोडी आहेत. कमी मुलांच्या शाळा बंद करून जवळच्या मोठ्या शाळेत मिळवायच्या असे धोरण आले. त्यावर तालुक्यात बरीच बोलाबोली झाली, शिक्षकांनी मोर्चाही काढला होता. पुनाआबांनी मला बोलावून सांगितले की वडखेडीची शाळा मोठी आहे, तिथे कॉम्प्युटर आहे, मुलांना न्यायला-आणायला गाडी मिळेल. मी पाड्यावर तसेच सांगितले. लोकांनी ऐकले. त्या वेळेपर्यंत लोक माझे ऐकत होते.

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर आमच्या शाळेला कुलूप लागले. गाडी पावसाला जोर येईपर्यंत आली, मग बंद झाली. वडखेडीच्या वाटेवर नाला आहे. नाल्याला पाणी आले की मोठा माणूसही थांबतो. मुले घरी राहू लागली, काही आईबापांबरोबर निंदणीला जाऊ लागली. मी वडखेडीला जाऊन पुनाआबांना सांगितले. ते म्हणाले, निवडणुकीनंतर बघू. मी परत येऊन लोकांना सांगितले, निवडणुकीनंतर बघू.

मंजुळाबाईने थांबायचे नाही असे ठरवले. तिने मला विचारले नाही. एका सकाळी तिने मुलांना शाळेच्या ओट्यावर नेऊन बसवले व स्वतः पाढे म्हणून घेऊ लागली. तिचे शिक्षण सातवीपर्यंत झाले आहे, माझे चौथीपर्यंत. हे लोक आता बोलून दाखवतात, पूर्वी कोणी बोलत नसे. मी तिला सांगितले की बंद शाळेपुढे असे बसू नये, सरकारी जागा आहे. ती म्हणाली, "दादा, कुलूप दाराला आहे, ओट्याला नाही." तिथे इतर बायका होत्या, त्या हसल्या. त्यांत माझी पत्नीही होती.

पुढे शाळेतली बाके व फळा वडखेडीला नेण्यासाठी ट्रॅक्टर आला. मी त्या दिवशी अडावदच्या बाजाराला गेलो होतो. मंजुळाबाई दाराला पाठ लावून बसली व तिच्या बाजूला सगळ्या बायका बसल्या. ट्रॅक्टर रिकामा परत गेला. मी संध्याकाळी आलो तेव्हा प्रत्येक घरी हेच चालले होते. मी बाजारातून नातीसाठी चप्पल आणली होती. ती तिने घातली आणि मला न विचारता रुपचंदच्या घरी दाखवायला पळाली.

त्यानंतर जे झाले ते लिहिण्याची गरज नाही असे मला सांगण्यात आले, तरी मी सांगतो, कारण त्याचा संबंध आहे. लोक माझ्या अंगणात येईनासे झाले. येत, पण तंबाखू खाऊन जात, काम सांगत नसत. काम तिला सांगत. आमच्या वरच्या पाड्यांवरच्या शाळाही बंद झाल्या होत्या, तिथले लोकसुद्धा तिला भेटायला येऊ लागले. ते माझ्या दारावरून जात व मला राम राम करून पुढे जात. होळीआधीच्या भोंगऱ्या बाजाराला जाताना पाड्याचा ढोल माझ्या वडिलांच्या काळापासून आमच्या अंगणातून निघतो. यंदा तो ओट्यापुढून निघाला. मी ढोलामागून चाललो. कोणी मला मागे ठेवले असे नाही, मीच पुढे गेलो नाही.

त्याच सुमारास पंचायत समितीची निवडणूक लागली. दीपकभाऊ उभे राहिले. त्यांच्या विरुद्ध वरच्या पाड्यावरचे किरण बारेला होते. ते तरुण आहेत. पाड्यांना देण्यासारखे त्यांच्याकडे काही नव्हते. ते येऊन ओट्यावर बसले, मुलांकडून कविता म्हणवून घेतली आणि निवडून आलो तर शाळेसाठी रोज तालुक्याला जाईन एवढेच बोलले. दीपकभाऊ प्रचाराला आले तेव्हा मी त्यांना माझ्या अंगणात बसवले. खाट टाकली, चहा ठेवला. माणसे बोलावली. माणसे आली नाहीत. मग दीपकभाऊच म्हणाले की चला, आपण तिकडे जाऊ. मंजुळाबाई ओट्यावरून उठली नाही. दीपकभाऊंनी निशाणीचा कागद पुढे केला. ती म्हणाली, "आधी कुलूप उघडा, मग निशाणी दाखवा."

दीपकभाऊंनी माझ्याकडे पाहिले. मी तिला आमच्या बोलीत गप्प बसायला सांगितले. ती गप्प बसली. पण बाकीच्या कोणीही कागद घेतला नाही.

मतदानाच्या दिवशी मी नेहमीप्रमाणे वडखेडीच्या केंद्राबाहेर कडुनिंबाखाली उभा होतो. आमचे लोक रांगेत आले. दर वेळी ते माझ्याजवळ थांबून जात. यंदा त्यांनी तिच्याकडे पाहिले. ती काही बोलत नव्हती, हातवारे करत नव्हती, हे मी खरे सांगतो. ती फक्त रांगेत उभी होती. मी बराच वेळ तिच्याकडेच पाहत होतो, म्हणून मला माहीत आहे.

निकाल लागला. किरण बारेला निवडून आले. आमच्या व वरच्या सगळ्या पाड्यांची मते एका बाजूला पडल्यामुळे ते आले, असे तालुक्यात सगळेच बोलतात. लोकांनी मंजुळाबाईला गुलाल लावला. तिच्या केसांतला गुलाल दुसऱ्या दिवशीही तसाच होता.

घटना त्या दुसऱ्या दिवशीची आहे. सकाळचे जेवण झाल्यावर दीपकभाऊंची गाडी माझ्या अंगणात आली. गाडीत ते, ड्रायव्हर व त्यांच्याबरोबरची दोन माणसे होती. त्या दोघांची नावे मला माहीत नाहीत, पाहिल्यास ओळखीन. दीपकभाऊ खाली उतरले. खाटेवर बसले नाहीत. मला म्हणाले, "धनसिंगभाऊ, तुमना घरना मतं तरी मले पडनात का?"

माझे मत त्यांनाच पडले आहे. घरातल्या बाकीच्यांचे मला सांगता येत नाही. कमलबाई दारात उभी होती, ती आत गेली व मागच्या वाटेने ओट्याकडे निघून गेली.

गाडी शाळेकडे वळली. मी मागून चालत गेलो. ओट्यावर मुले बसली होती व बायका होत्या. पाड्यावरच्यांनी वर्गणीतून आणलेला एक लहान फळा भिंतीला टेकवलेला होता. दीपकभाऊंच्या माणसांपैकी एक म्हणाला की सरकारी सामान इथे ठेवता येणार नाही, आणि त्याने तो फळा उचलला. तो सरकारी नाही असे मंजुळाबाईने सांगितले. तिचा आवाज मोठा नव्हता. दीपकभाऊंनी त्या माणसाला राहू दे असे म्हटले, हेही मी सांगतो. परंतु त्याने ऐकले नाही व फळा गाडीकडे नेऊ लागला. तेव्हा कमलबाईने फळ्याचे दुसरे टोक धरले. ओढाओढी झाली. त्याने हिसका दिला आणि कमलबाई ओट्याच्या पायरीवर पडली. तिच्या कोपराला लागले. तिचे वय माझ्याएवढेच आहे.

कमलबाईपासून मी जवळ होतो, मधे फक्त गाडीचे तोंड होते. मंजुळाबाई लांब, ओट्याच्या पलीकडच्या टोकाला, मुलांना मागे सारत होती. पडल्यावर कमलबाईने हाक मारली. हाक मारली ती "मंजुळा" अशी.

यानंतर दगड आला. तो गाडीच्या पुढच्या काचेवर बसला. काच फुटून ड्रायव्हरच्या भुवईवर लागले व रक्त आले. फळा खाली पडला. ड्रायव्हरला मंजुळाबाईनेच ओट्यावर बसवले व पदर फाडून जखमेवर बांधला. दीपकभाऊ त्याला घेऊन चोपड्याला दवाखान्यात गेले. तो बरा आहे असे ऐकतो. त्याच्याशी आमचे कोणाचे वैर नाही.

दगड कोणी मारला हे मुलांच्या व धुळीच्या गडबडीत कोणी पाहिले नाही. तक्रारीत मंजुळाबाईचे नाव आले, कारण पुढारपण तिचे होते. दुसऱ्या दिवशी पुनाआबांनी मला घरी बोलावले. ते म्हणाले की तू घरचाच माणूस आहेस, तुझा जबाब महत्त्वाचा. तिचे नाव सांग, एकदा केस झाली की पाडा थंड होईल आणि पुन्हा तुझ्याच अंगणात येईल. ते बोलले त्यात खोटे काही नाही. आमच्याकडे लोक पोलीस केसला फार भितात. मी रात्रभर विचार केला, असे नाही. तिथेच बसल्या बसल्या मला ते बरे वाटले होते. हो म्हणूनच मी त्यांच्या ओट्यावरून उठलो.

मी पाड्यावर परत आलो तेव्हा लोक शाळेपुढे जमले होते. किरण बारेला शिक्षण खात्याच्या एका साहेबांना घेऊन आले होते. तात्पुरता एक शिक्षक देतो असे साहेब म्हणाले व त्यांनी कुलूप काढले. चावी मंजुळाबाईच्या हातात दिली. शाळा चालू होती तेव्हा ती चावी माझ्या घरी खुंटीला असे. मी मागे उभा होतो. बायका आपसात दगडाबद्दल बोलत होत्या. मंजुळाबाईने कसा नेम धरला, काच कशी एका दगडात गेली, पाटलांची गाडी कशी मागे फिरली. कोणी पाहिले नव्हते, पण प्रत्येकीला ते माहीत होते. मंजुळाबाईने नाही म्हटले नाही. पोलीस आले तेव्हाही ती त्यांना म्हणाली होती की नाव माझेच लिहा, दुसऱ्या कोणाला त्रास नको. म्हणजे तिने ते स्वतःवर घेतले, आणि पाड्याने ते तिला देऊन टाकले.

त्या दिवशी घरी मी कमलबाईच्या कोपराला हळद लावत होतो. ती म्हणाली, "मंजुळा होती म्हणून."

मी हळद लावून झाल्यावर बाहेर येऊन बसलो.

विचारल्यावरून सांगतो की, दगड मंजुळाबाईने मारलेला नाही. तिच्या दोन्ही हातांत त्या वेळी लहान मुले होती. दगड मी मारला. गाडीच्या डाव्या अंगाला रस्त्याची खडी पडली आहे, त्यातला उचलला व काचेवर मारला. ड्रायव्हरला मारायचा नव्हता, कोणाला मारायचा होता हे मला सांगता येत नाही. माझ्या माणसाला ढकलले, एवढेच मला दिसले. असे बोलल्याने कारवाई माझ्यावरच होऊ शकते, हे जबाब घेणाऱ्या साहेबांनी मला नीट समजावून सांगितले. मला ते समजले आहे. कोणी मला शिकवून पाठवलेले नाही. मंजुळाबाईने मला बोलावले नाही व तिला मी इथे आलो हे माहीतही नाही. तिच्यावर उपकार करण्यासाठी मी हे सांगत नाही. तिला लोक मिळाले, मते मिळाली, ढोल मिळाला, चावी मिळाली. तो दगड माझा आहे. तो तिच्या नावावर लिहू नये, आणि हे माझ्या पत्नीला वाचून दाखवावे अशी माझी विनंती आहे.

माझा हा जबाब मी सांगितला तसाच लिहून घेतला आहे. तो मला मराठीत वाचून दाखवला, व नंतर मी स्वतःही वाचून पाहिला. तो बरोबर आहे, त्यातले काही कमी करायचे नाही. खाली माझी सही आहे.

धनसिंग खेमा पावरा