डोळा मिटलेलं नारळाचं झाड

माझा जन्म दरेकशाचा. तिथं डोंगर काही कमी नाहीत, स्टेशनावर उभं राहिलं का दोन्ही अंगानं डोंगरच, पण काय सांगू तुम्हाले, आयुष्यभर मी पोरांले जे डोंगर शिकवले ते दरेकशाचे नव्हतेच, ते कोण्यातरी पुस्तकातले होते, दोन तिकोने, मधून सूर्य, खालून नदी अन नदीच्या काठावर नारळाचं झाड. आता विचारा मले, बाई तू नारळाचं झाड पाह्यलं होतं का. नव्हतं पाह्यलं. नारळ पाह्यला होता, दुकानातला, शेंडीवाला, तो झाडाले लागते एवढं ऐकून होती. लग्न होऊन चिचगडले आली, चार वर्ग शिकलेली सून म्हणून बालवाडीत बाई झाली, अन पहिल्याच दिवशी फळ्यावर ते झाड काढलं. पोरं म्हणाली बाई, हे शिंदीचं झाड हाय का. मी म्हणलं चूप, नारळाचं हाय.

तेव्हाची मी म्हणजे मोठी शहाणी. एकदा तालुक्याले चित्रांची स्पर्धा होती, तर शाळा सुटल्यावर मी एकटी बसली अन तीस पोरांची तीस चित्रं सुधारली, कोणाचा बैल पुसला, कोणाची आजी पुसली, सगळ्यांले सूर्य दिला, सगळ्यांले नारळ दिला. स्पर्धेच्या साहेबानं एक चित्र पाह्यलं, दुसरं पाह्यलं, म्हणाले बाई, हे सारं एकाच हातचं दिसून राहिलं. मी पदर सावरून म्हणलं, हो साहेब, माझ्याच हातचं. मले वाटलं माणूस कौतुक करून राहिला.

तर ते राहू द्या. रिटायर होऊन घरी बसली, तोवर माझी सून वैशाली, तिनं समोरच्या खोलीत चार कॉम्प्युटर मांडले, लहान पोरांचा क्लास, चित्रं काढा, पोस्टर करा, पत्रिका करा, अन स्पर्धा असली का पाठवा. दुपारी तिचं तान्हं उठे, म्हणून मले म्हणाली आई, तुम्ही नुसत्या पोरांजवळ बसा, भांडू देऊ नका. बसली. माउस पहिल्यांदा हातात घेतला तर लाटण्यासारखा दाबून धरला, पोरं हसून हसून खाली पडली, पण त्याच पोरांनी शिकवलं मले, अन आता नवीन लेकरांले मी शिकवते. कसं सांगते, ऐका. या चित्रात थर असतात, एकावर एक साफ प्लास्टिकची पन्नी ठेवल्यासारखे, एका पन्नीवर झाड, दुसरीवर माणूस, तिसरीवर आभाळ. अन दर थराच्या बाजूले एक इवलासा डोळा असते. डोळा उघडा तर थर दिसते, डोळा मिटला तर थर असते पण दिसत नाही. आमच्या काळी खोडरबर होतं, पुसलं का संपलं, कागदही फाटे.

आमच्या क्लासात रोशनी म्हणून पोरगी हाय, चौथीत, तिची माय जंगलात मोहफुलं वेचते. यंदा गोंदियाच्या स्पर्धेचा विषय आला, माझं गाव. नियम एकच मोठा, मोठ्या माणसाचा हात दिसला का चित्र बाद, अन त्या लेकराले पुढच्या वर्षीही घेणार नाहीत. रोशनीनं आठ दिवस खपून मोहाचं झाड काढलं. तुम्हाले माहीत असंल, मोह गळायच्या आधी आपल्याकडं झाडाखालचा पालापाचोळा जाळतात, जमीन साफ व्हावी, फूल दिसावं म्हणून. तर पोरीनं जमीन कारी कुट्ट काढली, त्यावर पिवळी फुलं, वाकलेली माय, अन एक मरतुकडं कुत्रं. सूर्य नाही, नदी नाही. मी म्हणलं माय, हे गोंदियावाले म्हणतील गावाले आग लागली का काय. ती म्हणाली आजी, असंच हाय ना पण.

दुपारी ती जेवायले घरी गेली. खोलीत कोणी नव्हतं. अन काय सांगू, माझ्या आंगात ती बालवाडीवाली बाई आली. नवा थर घेतला, तेवढी अक्कल होती, अन मोहाच्या बाजूले एक झोकदार नारळाचं झाड काढलं, दोन नारळांसकट. सेव्ह केलं. कोणाले सांगितलं नाही, म्हणलं पोरगी पाहून खूश होईल. दुसऱ्या दिवशी मी देवरीले डोळे दाखवायले गेली, तेवढ्यात वैशालीनं अन रोशनीनं चित्र पाठवून दिलं.

आठ दिवसांनी फोन आला. वैशालीनं स्पीकरवर टाकला. तिकडचा माणूस म्हणे मॅडम, तस्वीर बहुत अच्छी है, इसलिए शक है, खुली फाइल भेजिए, हमको एक-एक परत देखनी है. परत म्हणजे थर, पाठवलेल्या चित्रात ते सारे एक होऊन जातात, खुल्या फाइलीत सुटे राहतात. सुनेले म्हणलं वैशू, त्यात माझा नारळ हाय. ती म्हणे आई, तुम्ही काऊन केलं असं.

मी चपला घातल्या अन रोशनीच्या घरी गेली. ती अंगणात भात खात बसली होती. म्हणलं माय, तुझं चित्र मी बिघडवलं, मीच सांगते गोंदियावाल्यांले. ती घास गिळून म्हणाली, ते नारळाचं ना, मी पाह्यलं होतं त्याच दिवशी. मी डोळा मिटला त्याचा. चित्रात नाही गेलं ते. म्हणलं अन मले सांगितलं काऊन नाही. म्हणे तुले वाईट वाटलं असतं.

मी तिथंच ओट्यावर बसली.

पण फाइलीत तर होतंच ते. मी म्हणलं आता तो थरच पुसून टाक, पाठवायच्या आधी, कोणाले कळत नाही. ती म्हणाली नाही, खोटं कायले, अन फाइल तशीच गेली. तिसऱ्या दिवशी परत फोन. बेटा, इसमें एक परत बंद है, नारियल का पेड़, ये किसका है. रोशनी म्हणाली सर, ते आमच्या आजीचं हाय, मी नाही काढलं. आमच्या गावात नारळ नाही, म्हणून बंद केलं. मी पदर तोंडात धरून उभी. मग तो माणूस हसायले लागला, हसतच राहिला, म्हणे ठीक है बेटा, ऐसा तो कोई चोर बता के नहीं भेजता, तुम्हारी तस्वीर चुनी है, दादी को नमस्ते बोलना.

त्या दिवशी मी दोन वेळचं एकाच वेळी जेवली.

येत्या रविवारी गोंदियाले निवडलेल्या लेकरांनी सगळ्यांसमोर बसून काढायचं हाय. रोशनीच्या मायले मजुरी सोडता येत नाही, म्हणून सोबत मी चालली. वैशालीनं बजावलं हाय, आई, दोन्ही हात पदराखाली ठेवा. ठेवीन. म्हणलं रोशनी, ते झाड आता तरी फाइलीतून पुसून टाक बाई. तिनं नाही पुसलं. म्हणे राहू दे आजी, कोणाले दिसत नाही, मले माहीत हाय कुठं हाय ते.

तीस लेकरांचे बैल, आज्या पुसल्या मी खोडरबरानं. या पोरीनं मले पुसलं नाही. जा माय, काढ तुले जे दिसते ते, कारी जमीन काढ, कुत्रं काढ. मी मागं बसून पाहीन.