चारशे बारा पानांचा उकंडा

...नाही, तुम्हीच सांगा, एका पुस्तकात हिरोनं ओकाव तरी किती वेळा? अकरा! म्या मोजले. आभाळ पाह्यलं की ओकते, पोरीनं पाह्यलं की ओकते, मॅट्रिक पास झाला तरी ओकते, अन् तिकडे पुन्याचे लोकं म्हनते, व्वा, काय कोवळं वय रंगवलं. अरे, कोवळं वय हाय का हगवन हाय? चारशे बारा पानं, बाप्पा.

तुम्हाले सांगतो, लिवनारा कोनी परका नाही, आमच्याच गावचा बबन्या. आता बबनराव. माह्याच वर्गातला. पुन्यात साहेब होता, रिटायर झाला अन् लहानपनावर कादंबरी लिवली. हिरो म्हंजे थोच. माय नाही त्याले, अन् पुस्तकभर मायची एक तरी आठोन धुंडून राह्यला, सापडतच नाही. मी दारव्हा-यवतमाळ काळीपिवळी चालवतो, मले काय कराचं कादंबरीशी? पन सीटवरचा मास्तर म्हनते, "उकंडाभाऊ, तुम्ही बी हायत न त्याच्यात, नावानिशी." मानसाले वाटनारच ना बाप्पा. त्याचंच पुस्तक मागून घेतलं, अन् लोहाऱ्याच्या नाक्यावर गाडी भरेपर्यंत वाचत बसलो.

अन् काय निंघालं? जिथं वास, तिथं मी. हिरो चौदा पानं ढग पाहून राह्यला, मी बाजूले नाक शिनकून राह्यलो. खरूज मले, उवा मले, शेंबूड मले. इहिरीत उडी म्या मारलती, वासरू म्या काढलतं, पुस्तकात ते सारं यानं केलं, अन् काठावर चड्डी ओली कोनाची? माही. फेकूनच देत होतो... पन खोटं कायले बोलू, ते इहिरीचं प्रकरन असं लिवलं, असं लिवलं, का सवाऱ्या वरडून राह्यल्या "गाडी भरली न, काढा आता," अन् मी म्हनतो, "थांबा हो, वासरू अजून खालीच हाय." उडी माही, अन् मलेच धाकधूक.

मंग आलं पान एकशे नव्वद. लिवते कसा, "उकंडाला त्याच्या आईने जन्मताच उकिरड्यावर फेकले होते. नकोसा होता तो." आता बारावी ओकारी माही झाली असती. आवो, माह्या अगुदर दोन लेकरं गेलते मायचे. तिसरं जगाव म्हनून सुपात घालून उकंड्यावर ठेवते, शेजारीन उचलते, माय तिले पसाभर जवारी देऊन आपलंच लेकरू इकत घेते, अन् नाव ठेवते उकंडा. मरनाले वाटाव, टाकाऊ माल हाय, कायले न्या. मायनं मले फेकलं नाही, लपवलं. अन् हा पुन्यात बसून लिवते, नकोसा.

खरा घोर तं पुढंच हाय. घरी माही पोरगी दीपा आपली येगळी प्रत इकत आनून रोज दुपारी हेच पुस्तक म्हातारीले वाचून दाखवते. माह्या मायले, इंदूबाईले. एक्याऐंशीची हाय, डोळे गेले, कान शाबूत. लेकाचं नाव पुस्तकात आलं म्हनून येईल त्याले सांगते. म्या दीपाले फोन लावला, एकशे नव्वद गाळ. तं म्हनते, "बाबा, एकशे पंच्याऐंशीवर हाओत, अन् एक ओळ गाळली तरी आजी पकडते." सवाऱ्या दुसऱ्याच्या गाडीत घातल्या अन् घरी पळालो.

पोचलो तं दीपा 'नकोसा होता तो' येवढं वाचून थांबलेली, अन् माय भिताडाले टेकून बसलेली. म्या पुस्तक हिसकलं अन् भिरकावलं, सिद्धं समोरच्या उकंड्यावर. चारशे बारा पानं, बाप्पा, शेनात.

वाटलं माय रडन. तं म्हनते कशी, "बबन्याले कोनी सांगतलंच नाही का रे? तुले उचलाले त्याचीच माय आलती. जमनी. सातवा महिना होता तिले, बबन्या पोटात. वाकता येत नव्हतं, तरी म्हने, मीच उचलतो." मंग हळूच म्हनते, "तो दोन वर्साचा असतानी गेली बिचारी. कोन सांगन त्याले?"

चारशे बारा पानं तो जे आठोन धुंडून राह्यला, ते इथं काळीपिवळी चालवून राह्यली.

माय म्हने, "उचलून आन ते पुस्तक." आनलं. पुसलं. म्हातारीनं चाचपत पसाभर जवारी आनली, माह्या हातावर ठेवली अन् पुस्तक आपल्याकडे घेतलं. झालं. उकंड्यावरून उचललेलं मरत नाही म्हनते. मी साठ वर्साचा झालो, नाही मेलो. आता हे बी मरत नाही.

काल बबन्याले फोन लावला, जमनीकाकूचं सांगतलं. तिकडून नाक वढल्यासारखं आयकू आलं, अन् म्हनते, "उकंड्या, थांब, लिहून घेतो." दुसरी आवृत्ती निंघून राह्यली म्हने, चाळीस पानं वाढवतो. म्या म्हनलं, लिव बाप्पा, मायचं लिव, पोटभर लिव. फक्त कुठंतरी मले एकदा आंघोळ घाल.

तं म्हनते, "पाहतो."

चारशे बावन पानं, बाप्पा.